दम लागतोय? सगळा दोष कोविडला देऊ नका

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि पुण्यातली सगळी ग्राउंड्स बंद झाली, सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर तर ऑगस्टमध्ये कोविडचं जंबो हॉस्पिटल उभं राहिलं. पळणाऱ्या मुली गच्चीवर दोरीउड्या मारायच्या, पार्किंगमध्ये फेऱ्या घालायच्या, आणि परत ग्राउंडवर आल्या तेव्हा एकच तक्रार, दम लागतो.

आमच्या शेजारची मुलगी ८०० मीटर पळते, तीही तेच म्हणायची. घरचे म्हणायचे, कोविड होऊन गेलाय, लागणारच. असे सहा महिने गेले, मग रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९, म्हणजे बरंच कमी! आणि पाळी चार महिने आलेली नाही हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मला याचा खरंच राग येतो.

सराव थांबला की २-३ आठवड्यांत रक्तातला पातळ भाग म्हणजे प्लाझ्मा कमी होतो, हृदय एका ठोक्यात कमी रक्त फेकतं, म्हणून त्याच स्पीडला ठोके वाढतात आणि धाप लागते. पण सराव सुरू केला की हा प्लाझ्मा लवकर भरून येतो. म्हणजे दोन-अडीच महिने नीट पळूनही दम लागत असेल तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. (छातीत दुखणं, धडधड, चक्कर असेल तर वाट बघायचीच नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन ईसीजी.)

पहिला संशय लोहावर, कारण रक्तातून ऑक्सिजन नेणारं हिमोग्लोबिन त्यापासूनच बनतं. भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया, म्हणजे हिमोग्लोबिन कमी, आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातलं. त्यात कुठलंही इन्फेक्शन झालं की लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त बनवतं आणि ते आतड्यातून लोह आत येण्याचा रस्ताच अडवतं, जोरदार व्यायामानंतरही काही तास हेच होतं. लोहाचा साठा फेरीटिन नावाच्या रक्ततपासणीवरून कळतो आणि तो हिमोग्लोबिनच्या आधी घसरतो, म्हणून दोन्ही तपासा. मात्र आजारपणात तपासू नका, तेव्हा फेरीटिन उगाच जास्त दिसतं.

दुसरं खाणं. घरी बसून वजन वाढेल या भीतीने कितीतरी मुलींनी भात-पोळी कमी केली. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की शरीर आधी पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन घटतं, हाडं कमजोर होतात, मग नडगीत स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्याला रेड-एस (खेळाडूच्या शरीराला ऊर्जा कमी पडणं) असं नाव दिलं. पाळी गेली म्हणजे ट्रेनिंग जोरात चाललंय, असं अजूनही काहीजण समजतात, ते साफ चूक आहे. आणि कोविडची लस घेतल्यामुळे पाळी कायमची बिघडते हेही नाही, अभ्यासात फरक सरासरी एका दिवसापेक्षा कमी आणि तात्पुरता निघाला. तीन महिने पाळी नाही म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचंच.

शेजारच्या मुलीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आईने अळिवाचे लाडू सुरू केले, जेवणात लिंबू असायला लागलं, जेवणावरचा चहा तासभर पुढे गेला, आणि मुख्य म्हणजे रात्रीची भाकरी परत आली. पाळी यायला आणखी पाच महिने लागले. आता तिच्या डायरीत टायमिंगच्या शेजारी पाळीची तारीख असते आणि कोच दोन्ही बघतात.