बुधवारची संध्याकाळची शर्यत: वारा कसा फिरतो आणि बोट मागे का पडते

गेटवेसमोर बुधवारी होणाऱ्या आमच्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत नाव दिलंत, आभार. शर्यत आटोपून धक्क्यावर उतरताना एक तक्रार आम्हाला हमखास ऐकू येते: "आमच्या वाट्याला संथ बोट आली." म्हणून आधीच सांगतो. आमच्या सगळ्या बोटी जे-२४, म्हणजे एकाच साच्याच्या आहेत, शिडं एकाच वेळी शिवून घेतलेली आहेत आणि बोटींची वाटणी चिठ्ठ्या टाकून होते. पुढे-मागे होतं ते बहुतेक वेळा वाऱ्यामुळे, आणि तो ओळखायला दोन-तीन बुधवारांत जमतं.

इथला वारा असा का?

हिवाळ्यात सकाळी मुंबई बंदरात ईशान्येकडून मतलई वारा असतो. जमीन तापली की तो पडतो आणि दुपारपासून वायव्येकडून खारा वारा धरतो. आपली शर्यत या खाऱ्या वाऱ्यावर. चांगल्या दिवशी तो १० ते १५ नॉट, म्हणजे ताशी १८ ते २८ किलोमीटर असतो.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. मोकळा समुद्र पश्चिमेला, आपण पूर्वेला बंदरात आणि मध्ये अख्खं कुलाबा. म्हणजे आपल्यापर्यंत येणारा वारा ताजचा टॉवर आणि आसपासच्या इमारतींवरून, त्यांच्या फटींतून येतो. काठाजवळ तो मिनिटामिनिटाला फिरतो, मध्येच पडतो, मग एकदम झोत येतो. काठापासून लांब गेलं की तो बराच स्थिर होतो. शिवाय ऊन उतरू लागलं की तो हळूहळू उत्तरेकडे झुकतो आणि मंदावतो.

झोत येण्याआधी दिसतो. पाण्यावर काळपट, बारीक सुरकुत्यांचा पट्टा सरकत येतो, त्यावर एकाने नजर ठेवायची. नांगरलेल्या बोटींकडे बघून मात्र वाऱ्याची दिशा ठरवू नका. त्या पुष्कळदा वाऱ्याकडे नाही, भरती-ओहोटीच्या ओढीकडे तोंड करून उभ्या असतात. नवे लोक इथेच हटकून फसतात.

दहा अंशांची किंमत

शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंश सोडून, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला टॅक मारत (बोटीचं तोंड वाऱ्यातून पलीकडे वळवत) वरच्या, म्हणजे वाऱ्याकडच्या बोयापर्यंत (तरंगत्या खुणेपर्यंत) पोचावं लागतं. समजा, दोन बोटी बरोबरीत आहेत, पण एकमेकींपासून आडव्या २०० मीटर. वारा १० अंश फिरला, तर ज्या बाजूला तो फिरला त्या बाजूची बोट जवळपास ३५ मीटर पुढे निघते. जे-२४ ची लांबी ७.३ मीटर, म्हणजे पाचएक बोटींची आघाडी. तेवढी आघाडी निव्वळ वेगावर मिळवायला सगळी संध्याकाळ पुरत नाही.

प्रत्येक बोटीवर होकायंत्र आहे, ते शोभेला नाही. वारा नेमका वायव्येचा असेल, तर उजवीकडून वारा घेताना (स्टारबोर्ड टॅक) बोटीचं तोंड २७० अंशांवर, म्हणजे शहराकडे असतं, आणि डावीकडून घेताना (पोर्ट टॅक) सरळ उत्तरेला. स्टार्टच्या आधी दोन्ही टॅकवर दोन-दोन मिनिटं चालवून त्या दिवशीचे आकडे टेपवर लिहून ठेवा. मग शर्यतीत स्टारबोर्डवर २८० दिसलं तर वारा तुमच्या बाजूने फिरला, गप्प बसून बोट चालवा. २५५ झालं तर तुम्ही बोयापासून दूर ढकलले जाताय, टॅक मारा. पण लगेच नाही. मनात दहापर्यंत मोजा, आकडा तसाच राहिला तरच. इमारतींमधून आलेला झोत कित्येकदा पाच सेकंदांचा पाहुणा असतो आणि दर टॅकला बोटीचा वेग मोडतो. आमच्या मते बुधवारी कमी टॅकपेक्षा उगाच मारलेल्या टॅकनेच जास्त शर्यती हरल्या जातात.

संध्याकाळी वारा उत्तरेकडे झुकतो, म्हणून पहिल्या टप्प्यात उत्तरेची बाजू धरणं बहुधा फायद्याचं. मात्र नेव्हल डॉकयार्डची हद्द आणि मिडल ग्राउंड (बंदरातलं नौदलाचं छोटं बेट) यांच्या जवळ जायचं नाही, त्याआधीच वळायचं.

पंचांग बघा

कोकणातला जुना हिशोब इथेही चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते. अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी बाराच्या सुमारास भरती, म्हणजे शर्यतीच्या वेळी ओहोटी, आणि तीही उधाणाची. पाणी दक्षिणेकडे ओढतं. वरचा बोया दिसतो त्यापेक्षा लांब समजा आणि टॅक थोडा उशिरा मारा, नाहीतर बोयाच्या खालीच वाहून जाल. अष्टमीला भांगाचं पाणी, तेव्हा ओढ सौम्य.

नियम थोडक्यात

पहिला हॉर्न स्टार्टच्या पाच मिनिटं आधी, मग चार, एक आणि स्टार्ट. पोर्ट टॅकवरची बोट स्टारबोर्डवाल्याला वाट देते. एकाच टॅकवर असाल, तर वाऱ्याकडची बोट बाजूला होते. चूक झाली तर दोन गिरक्या, बोयाला लागलात तर एक. बुधवारी स्पिनेकर (मागून वारा असताना पुढे लावायचं फुगीर शीड) लावत नाही. मांडवा-एलिफंटाच्या लाँच आणि नौदलाच्या बोटी यांना शर्यतीचा काही नियम लागू नाही. तिथे आपणच बाजूला व्हायचं, हक्क सांगत बसायचं नाही.

लाइफ जॅकेट धक्क्यावरच घालायचं, पोहता येत असलं तरी. डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट, टोपीला दोरी, चष्म्याला दोरी.

वेळ आणि पैसे

ही मालिका फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेर चालते. त्याआधी सूर्य फार लवकर मावळतो आणि नंतर पावसाळ्यासाठी बोटी पाण्याबाहेर काढाव्या लागतात. सव्वाचारला जमायचं, सव्वापाचला स्टार्ट. ऑफिसातून चार वाजता निघायचं कारण तुम्हीच शोधा, आम्ही चिठ्ठी देत नाही. वारा ५ नॉटच्या खाली असेल, तर पावणेसहापर्यंत थांबतो, नंतर शर्यत रद्द आणि फी पुढच्या बुधवारी जमा. मेअखेर शिल्लक राहिलेल्या फेऱ्या नोव्हेंबर ते जानेवारीतल्या रविवारच्या सकाळी वापरता येतील. तेव्हा वारा मतलई असतो, त्यामुळे वर दिलेले होकायंत्राचे आकडे त्या दिवशी चालणार नाहीत, नव्याने घ्यावे लागतील.