पडदा आणि पात्र: सिनेमातलं शहर कधी बोलू लागतं?

गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी जत्रेला संगीत नाटक व्हायचं. ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेले तीन-चार पडदे असत: दरबाराचा, जंगलाचा, रस्त्याचा, एखाद्या वर्षी बागेचा. मला रस्त्याचा पडदा फार आवडायचा. दोन्ही बाजूंना माड्या, मधून निमुळता होत गेलेला रस्ता, टोकाला दिव्याचा खांब. तोच रस्ता एका वर्षी पुण्यातला असे, पुढच्या वर्षी उज्जयिनीतला. कुणाची हरकत नसे. नट पुढे उभे राहून गात, रस्ता मागे लोंबत राही, आणि वारा सुटला की माड्यांना सुरकुत्या पडत.

२००४पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो. तेव्हापासून दर नोव्हेंबरात रांगेत उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘यात शहर हेच एक पात्र आहे.’ ते ऐकलं की मला तो पडदा आठवतो. कारण हे वाक्य दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं, आणि त्या दोन्ही सिनेमात दिसतात मात्र सारख्याच. एक, शहर मन लावून, सुंदर दाखवलेलं असणं. दुसरी, शहराने गोष्टीत भाग घेणं. पहिल्याला मी पडदा म्हणतो, दुसऱ्याला पात्र. पडदा कमी प्रतीचा असतो असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण पडद्याला पात्र समजून बसलं, की खरं पात्र समोर आलं तरी ओळखू येत नाही, आणि मग आपण ‘संथ आहे बुवा’ म्हणून उठतो.

फरक कळण्यासाठी एकच शहर घेऊ. रोम.

१९५३चा ‘रोमन हॉलिडे’ खुद्द रोममध्येच चित्रित झाला. राजशिष्टाचाराला कंटाळलेली राजकन्या एक दिवस पळून जाते आणि एका पत्रकाराबरोबर स्कूटरवरून शहर हिंडते. स्पॅनिश पायऱ्या, आइस्क्रीम, खोटं बोलणाऱ्याचा हात चावतो म्हणतात ते दगडी तोंड. रोम इतकं लोभस दिसतं की सिनेमा संपल्यावर तिकीट काढावंसं वाटावं. पण या रोमला स्वतःचं काही हवं नाही, नकोही नाही. राजकन्येला मोकळं वाटलं की ते मोकळं होतं, तिला निरोप घ्यायचा असला की हळवं होतं. ते तिच्या मनाप्रमाणे रंग बदलतं. हा पडदाच, फक्त आजवर रंगवलेल्या उत्तम पडद्यांपैकी एक.

त्याआधी पाच वर्षं, १९४८मध्ये, त्याच शहरात व्हित्तोरिओ दे सिकांनी ‘बायसिकल थीव्ज’ केला. शहराच्या कडेला नव्या वसाहतीत राहणाऱ्या आंतोनिओला भिंतींवर पोस्टरं चिकटवण्याचं काम मिळतं, पण अट अशी की सायकल हवी. सायकल गहाण पडलेली. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून ती सोडवते. गहाणवटीच्या दुकानात एक नोकर ते गाठोडं घेऊन फळ्यांवर चढत जातो, आणि वर छतापर्यंत तशीच गाठोडी रचलेली दिसतात. एकही संवाद नाही. पण त्या क्षणी रोम बोललेलं असतं: तुझ्यासारखे इतके आहेत.

पुढे सायकल चोरीला जाते. पोलीस तक्रार लिहून घेतात आणि सांगतात, शोधायचं तर तूच शोध. बाजारात सुट्या भागांचे ढीग लागलेले आहेत, त्यातून आपली सायकल ओळखायची कशी? पाऊस पडतो, बाप आणि लहानगा ब्रुनो भिंतीला चिकटून उभे राहतात. चोर सापडतो, तर त्याची सगळी गल्ली बाहेर येऊन चोराच्याच बाजूने उभी राहते. बापलेक दिवसभर चालत असतात आणि शहर दर वळणावर त्यांना काहीतरी नाकारत असतं. शेवटी स्टेडियमबाहेर सायकलींच्या रांगाच रांगा दिसतात, तेव्हा तेच शहर या सरळ माणसाच्या कानाशी लागतं. आंतोनिओचा शेवटचा निर्णय त्याच्या एकट्याचा नाही. तो त्याच्या आणि रोमच्या झटापटीतून आलेला आहे.

इथे बहुतेक जण एक सोपी परीक्षा सांगतात: शहर बदलून पाहा, गोष्ट तशीच राहिली तर पडदा, कोसळली तर पात्र. मीही कित्येक वर्षं हेच सांगत असे. ही परीक्षा अर्धवट आहे. एखाद्या प्रसिद्ध वाड्यातला खजिना लुटण्याची गोष्ट घ्या. तो वाडा काढला तर गोष्टच उरत नाही, तरी वाडा पात्र होत नाही; तो फक्त अडचणीचं कुलूप असतो. उलट १९२९चा झिगा व्हर्टोव्ह यांचा ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ पाहा. त्यातलं शहर मॉस्को, कीव्ह, ओडेसा असे वेगवेगळ्या ठिकाणांचे तुकडे जोडून केलेलं आहे. नकाशावर ते सापडणार नाही. पण ते झोपेतून उठतं, कामाला लागतं, संध्याकाळी मोकळं होतं. अमुक एक शहर काढून दुसरं घाला म्हणायला तिथे अमुक शहरच नाही, आणि तरी ते पात्र आहे.

मला पटलेली परीक्षा आपल्या देवळातली आहे. गोमंतकात नवं घर बांधायचं, लग्न ठरवायचं, तर आपण कौल घेतो. मूर्तीला पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर थांबायचं. गावाच्या वेशीवर राखणदार देव असतो, त्याला विचारल्याशिवाय काही मोठं काम सुरू करत नाहीत. म्हणजे जागेला मत असतं, ती नकार देऊ शकते, ही कल्पना आपल्याला कुठल्या परदेशी समीक्षकाकडून घ्यावी लागत नाही. आजीपासून ती घरात आहे. तेव्हा सिनेमा पाहताना एवढंच विचारावं: हे शहर कौल देतंय का? माणसाने काही मागितलं आणि शहराने स्वतःचं उत्तर दिलं, विशेषतः माणसाला नको असलेलं उत्तर दिलं, तर ते पात्र.

शहरच कशाला, एक घरसुद्धा असं वागू शकतं. श्याम बेनेगलांचा १९८५चा ‘त्रिकाल’ गोव्यात लोटलीला व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या घरात चित्रित झाला. काळ १९६१चा, पोर्तुगीज सत्तेच्या अखेरच्या दिवसांतला. घरातल्या वृद्ध दोना मारियाला मेलेल्या नवऱ्याशी बोलायचं असतं, म्हणून ती आत्म्याला बोलावण्याच्या बैठका घेते. समोर येतो तो पोर्तुगीजांविरुद्ध राणे घराण्याने केलेल्या बंडातला माणूस. तिने मागितला नवरा, वास्तूने पुढे केला इतिहास. याहून स्पष्ट डावा कौल मी सिनेमात पाहिलेला नाही.

मुंबईचं उदाहरण द्यायचं तर पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’चं देईन. २०२४ साली कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळाली. सुरुवातीला कुणीच नायिका नाही. रात्रीचा बाजार, गर्दी, आणि त्यावर मुंबईला पोट भरायला आलेल्या अनोळखी माणसांचे वेगवेगळ्या भाषांतले आवाज. आधी शहराची ओळख करून दिली जाते, मग त्यातून तीन बायका पुढे येतात. केरळच्या दोन परिचारिका, प्रभा आणि अनू, आणि त्यांच्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी रत्नागिरीकडची पार्वती. छाया कदम यांनी ती इतकी आतून केली आहे की आपल्या शेजारणीला पाहतोय असं वाटतं.

आता कौल पाहा. पार्वती कित्येक वर्षं ज्या घरात राहिली ते तिचंच आहे हे दाखवणारा कागद तिच्याजवळ नाही, म्हणून बिल्डर तिला उठवतो. अनूला आणि तिच्या मित्राला दोन तास एकांत हवा आहे, आणि एवढ्या अफाट मुंबईत तेवढी जागा नाही. शहर भेटायला देतं, एकत्र बसायला देत नाही. आणि मग तिघी कोकणात उतरतात तेव्हा प्रकाश बदलतो, आवाज बदलतो, माणसांच्या चेहऱ्यांवरचा ताण उतरतो. मुंबई चौकटीतून गेली तेव्हाच कळतं की इतका वेळ ती तिथे उभी होती. पात्र मंचावरून गेल्यावर जी पोकळी जाणवते तीच ही. पडदा बदलल्यावर पोकळी जाणवत नाही.

आता वेळेविषयी, कारण कलात्मक सिनेमाला कंटाळणाऱ्यांची खरी अडचण तिथे असते. पात्र म्हटलं की त्याला वेळ द्यावा लागतो. नायक खिडकीत उभा राहून विचार करतो तेव्हा आपण वीस सेकंद सहज थांबतो, कारण त्याच्या मनात काही चाललंय हे आपण गृहीत धरतो. रिकाम्या रस्त्यावर कॅमेरा वीस सेकंद थांबला की मात्र चुळबुळ सुरू होते. तिथेही काही चाललेलं असू शकतं, एवढं मान्य केलं की पाहणं बदलतं.

याचं टोक अँतोनिओनींच्या १९६२च्या ‘लेक्लिसे’त आहे. पुन्हा रोम, पण या वेळी मुसोलिनीने १९४२च्या जागतिक प्रदर्शनासाठी आखलेला भाग. युद्धामुळे ते प्रदर्शन झालंच नाही. प्रेमिक नेहमीच्या कोपऱ्यावर भेटायचं ठरवतात. दोघंही येत नाहीत. शेवटची सुमारे सात मिनिटं कॅमेरा एकटाच तिथे जातो. अर्धवट बांधलेली इमारत, पांढरे पट्टे, बसमधून उतरणारी अनोळखी माणसं, आणि पाण्याचं एक पिंप. त्या पिंपाजवळ ती दोघं आधी उभी राहिलेली असतात. आता ते गळतंय, पाणी रस्त्यावरून ओघळत जातंय. मग अंधार पडतो आणि रस्त्यावरचा दिवा लागतो. माणसांनी वेळ पाळली नाही, शहराने पाळली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घड्याळ पाहत होतो. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा डोळे भरून आले.

हे सगळं मला इतकं जवळचं का वाटतं, तर आम्ही पडद्यात राहतो. गेली पन्नासेक वर्षं हिंदी सिनेमाने गोवा वापरला तो बव्हंशी मागे लोंबणाऱ्या रस्त्यासारखा: समुद्र, माड, चर्च, गोष्टीतल्या माणसांची सुट्टी. २००१च्या ‘दिल चाहता है’ने शापोऱ्याचा किल्ला इतका प्रसिद्ध केला की आज अनेक पाहुणे त्याला सिनेमाच्याच नावाने ओळखतात. त्या सिनेमावर माझा राग नाही, तो मलाही आवडतो. पण पणजीतल्या फोंताईन्हासच्या गल्लीत सकाळी जाऊन पाहा. लोक पिवळ्या-निळ्या भिंतींना टेकून फोटो काढत असतात, आणि आतल्या बाईला आपल्याच दारातून बाहेर पडायला थांबावं लागतं. काही घरांवर फोटो काढू नका असे फलक लागले आहेत. तो फलक म्हणजे मला घराने दिलेला कौल वाटतो.

पणजी पात्र झाली तर कशी असेल? ती दुपारी झोपेल. जेवणानंतर बरीच दुकानं फळ्या लावून घेतात, तुमची निकड कितीही असो. ती भरतीचं वेळापत्रक पाळेल. मुसळधार पाऊस आणि भरती एका वेळी आली की अठरा जून रस्त्यावर पाणी साठतं, कारण नदीकडे जायची वाट नदीनेच अडवलेली असते. आणि ती मांडवीचं ऐकेल. १९८६च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा बार्देशातून कामाला येणाऱ्यांचा दिवस पुन्हा फेरीबोटीच्या हाती गेला. कुणाला किती वाजता घरी पोचता येईल, आजाऱ्याला केव्हा पलीकडे नेता येईल, हे काही वर्षं पाण्याने ठरवलं. त्या काळातल्या प्रत्येक घरात एक पटकथा आहे.

माझी भाची लघुपट करतेय. परवा तिने संहिता वाचायला दिली. पहिल्या पानावर ड्रोनमधून पणजीचा अटल सेतू, त्याखालची मांडवी, आल्तिन्होची टेकडी, लाल कौलं.

‘मामा, शहर पात्र आहे यात,’ ती म्हणाली.

‘बाय, तुझी नायिका पणजीकडे काय मागते?’

ती गप्प झाली. संहिता घेऊन गेली. चार दिवसांनी नवा मसुदा आला. ड्रोन गेला होता. आता एक मुलगी नदीपलीकडच्या बेतीहून फेरीने येते. आईच्या चष्म्याची काच बसवून घ्यायची आहे, आणि संध्याकाळी आईला एका कागदावर सही करायची आहे. दुकानाला फळ्या. मुलगी पायरीवर बसते. पंख्याची घरघर, वरच्या माडीवर कुणाची तरी खोकल्याची उबळ, ऊन पायरीवरून हळूहळू सरकतं. चार वाजता दुकान उघडतं, काच बसते, ती धक्क्याकडे धावते.

त्यापुढे तिने एकच ओळ लिहिली आहे: फेरीची फळी उचललेली, मधे चार हात पाणी.