डेटा लीक

लोकांनी एखाद्या संस्थेकडे दिलेली माहिती तिच्या ताब्यातून अनधिकृतपणे बाहेर जाणे म्हणजे डेटा लीक. माहितीची गळती, डेटा चोरी असेही त्याला म्हटले जाते. नाव, मोबाईल क्रमांक, पासवर्ड, कार्डाचे तपशील, आधार किंवा पॅन क्रमांक, घरचा पत्ता, वैद्यकीय अहवाल असे काहीही त्यात असू शकते. कधी बाहेरचा कोणी सर्व्हरमध्ये घुसतो, तर कधी आतलाच माणूस माहिती विकतो. पुष्कळदा मात्र काहीच फोडावे लागत नाही. क्लाउडवरचा साठा पासवर्डाशिवाय उघडा राहिलेला असतो आणि असे साठे शोधत फिरणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला तो सापडतो.

दागिने गेले की कपाट रिकामे दिसते. माहिती चोरीला गेली तरी मूळ जागी जशीच्या तशी असते, म्हणून चोरी झाल्याचे कळायलाच महिने, कधी वर्षे लागतात. याहूमध्ये २०१३ साली झालेली घुसखोरी डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झाली. तेव्हा कंपनीने १०० कोटी खात्यांचा आकडा दिला. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो ३०० कोटी झाला, म्हणजे त्या वेळची सगळीच खाती त्यात होती.

अमेरिकेतील इक्विफॅक्स ही कंपनी लोकांचा कर्जइतिहास सांभाळते. तिने वापरलेल्या अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधील त्रुटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झाली होती, पण एका यंत्रणेवर ती बसवायची राहिली. त्या वाटेने मे महिन्यात चोर आत आले आणि ७६ दिवस आत राहिले. बाहेर जाणारी माहिती तपासणाऱ्या उपकरणाला कूटबद्ध माहिती उघडून पाहण्यासाठी लागणारे डिजिटल प्रमाणपत्र मुदत संपूनही बदललेले नव्हते, त्यामुळे ते उपकरण काही पाहूच शकत नव्हते. सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. यातले बहुतेक लोक कधीच इक्विफॅक्सचे ग्राहक झाले नव्हते. त्यांची माहिती बँकांनी परस्पर तिथे पाठवली होती. २०२० मध्ये अमेरिकेने चीनच्या लष्करातील चौघांवर या प्रकरणी आरोप ठेवले.

चोरलेल्या माहितीचे पुढे काय होते, हे तिच्या प्रकारावर ठरते. कार्डाचे तपशील सर्वांत लवकर नासतात, कारण बँक कार्ड बंद करते. म्हणून ते घाईने विकले जातात आणि विकत घेणारा लगेच खरेदी करतो किंवा बनावट कार्ड तयार करतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात बनावट डेबिट कार्डे हेच हत्यार होते. व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत घुसून हल्लेखोरांनी खोट्या मंजुऱ्या मिळवल्या. २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले, भारतात कोल्हापुरातूनही काढले गेले. दोन दिवसांनी हाँगकाँगच्या खात्यात स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यामार्गे रक्कम वळवण्यात आली. एकूण फटका ९४ कोटी रुपयांचा होता. एटीएमपुढे उभे राहून पैसे काढणारी माणसे या साखळीतली सगळ्यात खालची कडी. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले, ते मुख्यतः याच कडीतले.

पासवर्डांचे आयुष्य यापेक्षा मोठे असते. जबाबदार संस्था पासवर्ड मूळ रूपात ठेवत नाही. त्यापासून गणिताने काढलेली अक्षरांची माळ, म्हणजे हॅश, ठेवते. हॅशवरून मूळ शब्दाकडे थेट परत जाता येत नाही. पण अंदाजाने कोट्यवधी शब्दांचे हॅश काढून ते चोरलेल्या यादीशी जुळवता येतात. प्रत्येक पासवर्डात आधी वेगवेगळी यादृच्छिक अक्षरे मिसळली, तर हे काम फार अवघड होते. लिंक्डइनने २०१२ पर्यंत ती मिसळली नव्हती. त्या वर्षी ६५ लाख हॅश उघड झाले. खरी चोरी किती मोठी होती ते २०१६ मध्ये कळले, जेव्हा ११.७ कोटी खात्यांचे ईमेल आणि पासवर्ड विक्रीला आले. दरम्यानच्या चार वर्षांत ते कोणाकोणाच्या हाती होते, याचा हिशेब कोणीच देऊ शकत नाही. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून मूळ रूपातच गेलेल्या ३.२ कोटी पासवर्डांची यादी तर आजही पासवर्ड फोडण्याच्या साधनांबरोबर मिळते.

अशा याद्या एकत्र करून, ईमेल आणि पासवर्डाची प्रत्येक जोडी इतर शेकडो संकेतस्थळांवर आपोआप लावून पाहिली जाते. एकच पासवर्ड सगळीकडे ठेवणारा माणूस यात सापडतो, आणि तो माणूस कंपनीचा कर्मचारी असेल तर अख्खी कंपनी सापडते. ड्रॉपबॉक्समध्ये २०१२ साली दुसरीकडून चोरीला गेलेल्या पासवर्डाने एका कर्मचाऱ्याच्या खात्यात शिरकाव झाला होता. जानेवारी २०१९ मध्ये उघड झालेल्या ‘कलेक्शन #१’ या साठ्यात ७७ कोटींहून अधिक ईमेल पत्ते होते. तोवर जुने साठे इतके हातोहात फिरले होते की ते जवळजवळ फुकट मिळत. माल आधी गुपचूप एखाद्या खरेदीदाराला विकला जातो, मग रेडफोरम्स, ब्रीचफोरम्स यांसारख्या बाजारांत मांडला जातो आणि शेवटी नावासाठी फुकट वाटला जातो. रेडफोरम्स २०२२ मध्ये पोलिसांनी बंद पाडला, तेव्हा त्याची जागा ब्रीचफोरम्सने लगेच घेतली.

पासवर्ड बदलता येतो, कार्ड नवे मिळते. जन्मतारीख, आईचे माहेरचे नाव, आजाराचा इतिहास बदलता येत नाही. सर्वांत खोल इजा या माहितीने होते. फिनलंडमधील वास्तामो या मानसोपचार संस्थेकडून सुमारे ३३ हजार रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या. सप्टेंबर २०२० मध्ये चोराने आधी संस्थेकडे खंडणी मागितली. ती मिळाली नाही, तेव्हा त्याने ऑक्टोबरमध्ये रुग्णांनाच एकेकाला ईमेल पाठवून २०० युरो बिटकॉइनमध्ये मागितले. नाहीतर समुपदेशकाजवळ बोललेले सगळे जाहीर करण्याची धमकी दिली. २०२४ मध्ये गुन्हेगाराला सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. प्रसिद्ध झालेल्या नोंदी मात्र कोणत्याही न्यायालयाला परत गोळा करता येत नाहीत.

भारतात चोरलेल्या माहितीचा मुख्य उपयोग फोनवर विश्वास कमावण्यासाठी होतो. समोरचा माणूस तुमचे पूर्ण नाव, पत्ता, आधारचे शेवटचे चार अंक, विम्याच्या हप्त्याची तारीख बिनचूक सांगतो, तेव्हा तो बँकेतला किंवा पोलिसांतलाच असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचे भासवून ‘अटक’ केल्याचे सांगणाऱ्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या फसवणुकीत निवृत्त, सुशिक्षित माणसेही आयुष्याची पुंजी गमावतात ती यामुळे. त्यांना भोळे ठरवणे अन्यायाचे आहे. मे २०२१ मध्ये डॉमिनोज इंडियाच्या १८ कोटी ऑर्डरींची माहिती अशा रीतीने मांडली गेली, की मोबाईल क्रमांक टाकला की त्या व्यक्तीने काय, कधी आणि कोणत्या पत्त्यावर मागवले ते दिसे. कार्डाचे तपशील सुरक्षित असल्याचे कंपनीने सांगितले. पण पाठलाग करणाऱ्यापासून लपून राहणाऱ्या बाईच्या दृष्टीने कार्डापेक्षा पत्ता किती तरी मोलाचा असतो.

आपला ईमेल अशा साठ्यांत आहे का, हे सायबर सुरक्षा तज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते. आपल्या नावावर कोणी कर्ज उचलले का, हे वर्षातून एकदा मोफत मिळणाऱ्या क्रेडिट अहवालात दिसते. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्याआधीच ती गोठवता येते.

गळती जाहीर करण्याची सक्ती प्रथम कॅलिफोर्नियाने केली. तो कायदा १ जुलै २००३ पासून लागू झाला. भारतात सायबर घटनेची खबर सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला देण्याचे बंधन एप्रिल २०२२ च्या आदेशाने आले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार बाधित व्यक्तीलाही कळवावे लागते, आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यातील एक उणीव गंभीर आहे. इक्विफॅक्सच्या तडजोडीत बाधित लोकांसाठी ४२.५ कोटी डॉलरपर्यंतची तरतूद होती. भारतात दंडाची रक्कम संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होते, आणि निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागण्याचा हक्क देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ४३-अ हे कलम वगळण्याची तरतूद याच अधिनियमात आहे.