गोष्ट आणि गल्ला: मराठी सिनेमाची पार्श्वभूमी

मराठी सिनेमा गल्लाभरू झाला आणि गोष्ट मागे पडली, ही तक्रार दर दहा-पंधरा वर्षांनी नव्याने होते. तिचा माग काढायचा तर एक प्रश्न धरून जावं लागतं: चित्रपटात घातलेला पैसा त्या त्या काळी कुठून वसूल होत होता?

१९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला आलेली प्रभात फिल्म कंपनी धंद्यासाठीच उभी होती, हे तिची आरती ओवाळताना आपण सोयीने विसरतो. नट, छायालेखक, रंगारी सगळे पगारी, स्टुडिओ स्वतःचा, आणि बरेच चित्रपट मराठीबरोबर हिंदीतही. एक चित्रपट पडला म्हणून कंपनी बुडत नसे. म्हणून दामले-फत्तेलालांना ‘संत तुकाराम’ (१९३६) कुठलीही घाई न करता सांगता आला. मुंबईत तो वर्षभराहून अधिक काळ चालला, व्हेनिसच्या महोत्सवातही गौरवला गेला. पुढच्याच वर्षी शांतारामांनी ‘कुंकू’ आणला. म्हाताऱ्याशी फसवून लावलेलं लग्न न मानणारी नायिका, आणि पार्श्वसंगीताचा आधारही नाही. आज हे कोणत्या निर्मात्याला पटवून दाखवावं!

महायुद्धानंतर स्टुडिओ मोडत गेले. १९५३ मध्ये प्रभात बंद पडली आणि पैशाची सूत्रं वितरकांकडे गेली. वितरक उचल देणार, तर चाललेल्या मालावरच. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ या तमाशापटाने पुण्याच्या विजयानंद थिएटरमध्ये दोन वर्षांहून अधिक मुक्काम ठोकला. त्यात सूडाची घट्ट गोष्ट होती; नंतर आलेल्या नकलांनी फक्त फड, पाटील आणि लावणी तेवढी उचलली.

‘सोंगाड्या’ला (१९७१) दादरच्या कोहिनूरमध्ये पडदा मिळण्यासाठी शिवसेनेला उतरावं लागलं. पुढे दादा कोंडक्यांचे सलग नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले. त्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करावं की तंबूत सिनेमा बघणाऱ्या प्रेक्षकाची नस त्यांना अचूक कळली होती. त्याच दशकात ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ही आले, दोन्हींची पटकथा तेंडुलकरांची.

सत्तरच्याच दशकात सरकारने करमणूक कराचा परतावा देऊ केला, मात्र पुढचा मराठी चित्रपट काढण्याच्या अटीवर. हेतू चांगला होता. पण खर्च कमी आणि परतावा ठरलेला, म्हटल्यावर झटपट विनोदीपटांचं पीक आलं. त्यात ‘अशी ही बनवाबनवी’सारखा (१९८८) नेटका चित्रपट निघाला, हे खरं, बाकीचे बहुतेक आज आठवतही नाहीत.

‘श्वास’ला २००४ मध्ये सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, जाहीर झालं. मराठीला ते ‘श्यामची आई’नंतर पहिल्यांदाच मिळत होतं. त्यानंतर वाहिन्यांचा पैसा आला. प्रक्षेपणहक्क विकूनच खर्च निघू लागल्यावर नव्या दिग्दर्शकांना वाव मिळाला, आणि टीव्हीवर चालेल तेवढंच लिहिण्याची सवयही लागली. २०१६ चा ‘सैराट’ त्यातून सुटला. गाण्यांनी त्याने थिएटर भरलं आणि प्रेक्षक आत बसल्यावर जातीची गोष्ट शेवटपर्यंत न डगमगता सांगितली.

आता वसुली मल्टिप्लेक्सच्या खेळांवर येऊन ठेपली आहे. मराठीला प्राइम टाइम द्या, असं सरकारने २०१५ मध्ये बजावलं. तरी शुक्रवार ते रविवार गर्दी झाली नाही, तर सोमवारी खेळ कमी होतात. तोंडी प्रसिद्धीवर हळूहळू चालणाऱ्या चित्रपटाला तेवढी सवड मिळत नाही.