पिल्ले आणणे (परसातील कुक्कुटपालन, सोलापूर)

अंड्यांसाठी परसात कोंबड्या पाळताना एक दिवसाची किंवा काही आठवड्यांची पिल्ले विकत आणून वाढवण्याची रीत. वाड्या-वस्त्यांवर पूर्वी पिल्ले आणावीच लागत नसत. घरचीच खुडूक (अंडी उबवायला बसू पाहणारी) कोंबडी दहा-बारा अंड्यांवर बसवायची, की २१ दिवसांनी डालग्याखाली चिवचिवाट. पण गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६०-८० अंडीच देते. जास्त अंड्यांच्या ओढीने ग्रामप्रिया, वनराज, गिरिराज अशा सुधारित जातींची पिल्ले उबवणी केंद्रातून येऊ लागली. या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, त्यामुळे आईचे काम माणसावर आले.

त्यात मुख्य काम ऊब देण्याचे. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी. हे आकडे सोलापुरात जसेच्या तसे पाळले तर घात होतो. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४० च्या वर जातो, पत्र्याखाली आणखी. तेव्हा दुपारी उबेचा बल्ब बंद ठेवून पत्र्यावर ओली पोती टाकतात. तापमापकापेक्षा पिल्लांकडे पाहावे: बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी, चोच उघडून कडेला पांगली तर उकाडा. कोपऱ्यात दाटी होऊन पिल्ले चेंगरतात, म्हणून पुठ्ठ्याचे गोल कडे करतात.

मानमोडी (राणीखेत) हा सगळ्यात घातक रोग. पाचव्या ते सातव्या दिवशी त्यावरच्या लासोटा लशीचा थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, आठ-दहा आठवड्यांनी राणीखेतचे टोचण. अडचण अशी, की कुपी निदान शंभर मात्रांची आणि फोडल्यावर साठवता येत नाही. दहा पिल्लांसाठी ती कोण फोडणार? शेजाऱ्यांनी एकाच दिवशी पिल्ले आणली तर हा प्रश्न सुटतो.

खाण्यात आधी पिल्लांचे तयार खाद्य, मग हळूहळू ज्वारीची कणी. भाकरीचा चुराही चालतो, मात्र शेंगाचटणी लागलेला नको. मीठ पिल्लांना बाधते. अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्यही लहान पिल्लांना देऊ नये, त्यातल्या जादा कॅल्शियमने मूत्रपिंडे बिघडतात.

फेरीवाल्याची हिरवी-गुलाबी रंगवलेली पिल्ले या कामाची नव्हेत. ती बहुधा अंड्यांच्या जातीतले टाकून दिलेले नर असतात. न निवडता आणलेल्या पिल्लांतही निम्मे कोंबडे निघतात, आणि ते ओळखू येईपर्यंत घरातल्या पोरांनी प्रत्येकाचे बारसे केलेले असते. हा घोळ नको असेल तर आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या माद्या) घ्याव्यात. त्या महाग पडतात, पण उबेची दगदग आणि बरीचशी मरतूक टळते.

जूनमध्ये आणलेली पिल्ले नोव्हेंबरच्या सुमारास अंड्यावर येतात, नेमकी थंडीत अंड्यांना मागणी असताना. फक्त पावसाळ्यात पिल्लांखाली अंथरलेले तूस ओले राहिले की रक्ती हगवण लागते. ते रोज खालीवर करावे लागते.