आरएक्स १०० चे इनटेक घरी सुधारताना : रीड, मॅनिफोल्ड आणि जेटिंग

आमच्याकडून रीड किट (इंजिनात जाणाऱ्या वाटेवरची एकमार्गी झडप), मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारी नळी) किंवा जेटचा (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे स्क्रू) सेट घेणाऱ्या यामाहा आरएक्स १०० मालकांसाठी हे माहितीपत्रक आहे. पाकीट फोडण्याआधी ते पूर्ण वाचा. या कामात इंजिन बिघडते ते बहुतेक वेळा पार्ट वाईट निघाला म्हणून नव्हे. हवा वाढवली पण त्या हिशेबाने पेट्रोल आणि ऑइल वाढवले नाही, म्हणून बिघडते. टू-स्ट्रोकमध्ये ही चूक थेट पिस्टनवर निघते.

आरएक्स १०० चा बोअर ५० मिमी, स्ट्रोक ५० मिमी, एकूण ९८ सीसी. कंपनीचा आकडा ७५०० आरपीएमला ११ हॉर्सपॉवर. नुसती रीड बदलून या ११ चे १५ होत नाहीत आणि तसे सांगून आम्ही किट विकत नाही. चांगली रीड, जुळवलेले तोंड आणि बरोबर जेट यांनी पिकअप स्वच्छ होतो, मधल्या रेसला गाडी अडखळत नाही आणि वरच्या रेसला दम टिकतो. त्यापुढची ताकद सिलिंडरचे पोर्ट आणि सायलेन्सर यांत आहे. ते काम घरचे नाही.

किट बसवण्याआधी

सर्वांत शेवटची आरएक्स १०० सुद्धा १९९६ च्या सुमाराची आहे. म्हणजे तुमच्या गाडीचे क्रँक सील एकदा तरी बदललेले असायला हवेत. मॅग्नेटोच्या बाजूचे सील गेले की क्रँककेस (पिस्टनखालचा बंद भाग) तिथून कोरडी हवा ओढते. स्लो (रेस न देता चालणाऱ्या इंजिनचा वेग) वर-खाली होतो, रेस सोडली तरी लगेच उतरत नाही. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअर ऑइल ओढले जाते, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी विनाकारण उतरत जाते. अशा गाडीला नवी रीड लावणे म्हणजे भोक पडलेल्या बादलीला नवा नळ लावणे.

तपासायची खात्रीची पद्धत प्रेशर टेस्टची. एक्झॉस्ट आणि इनटेक रबरी बुचाने बंद करा, हातपंपाने ६ पीएसआय हवा भरा आणि ६ मिनिटे थांबा. काटा मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. ६ पीएसआयच्या वर जाऊ नका, चांगले सीलही जागेवरून सरकते.

सायलेन्सर काजळीने तुंबलेला असेल तर आधी तो साफ करा. बाहेर जायला वाट नसेल तर आत घ्यायला वाट मोठी करून फायदा नाही.

रीड नेमके काय करते

पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये पोकळी होते, रीडची पाती उघडतात, हवा-पेट्रोलचे मिश्रण आत येते. पिस्टन खाली येताना दाब वाढतो आणि पाती मिटतात. ७५०० आरपीएमला हे सेकंदाला १२५ वेळा होते. तासभर त्या रेसला गाडी चालली तर साडेचार लाख वेळा. म्हणून पाती झिजणे हा दोष नव्हे, तो तिचा स्वभाव आहे.

पाती पातळ असेल तर कमी रेसला सहज उघडते, पण वरच्या रेसला फडफडते आणि वेळेवर मिटत नाही. जाड असेल तर उलट: वर घट्ट राहते, खाली गाडी आळशी वाटते. रोज शहरात चालणाऱ्या गाडीला किटमधली पातळ फायबर पाती लावा. जाड पातीची जोडी फक्त मोकळ्या रस्त्याची सवय असणाऱ्यांसाठी आहे. जुनी स्टीलची पाती चांगली चालते, पण तिचा तुकडा पडला तर तो सरळ सिलिंडरमध्ये जातो आणि बोअर, पिस्टन, बेअरिंग सगळ्यांना ओरखडतो. फायबरच्या तुकड्याने सहसा एवढे नुकसान होत नाही. आमचा कल फायबरकडे आहे तो मुख्यतः याच कारणाने.

रीड ब्लॉक काढणे आणि तपासणे

काम उघड्या हवेत करा, जवळ गॅसची शेगडी किंवा देवापुढचा दिवा नको. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरचा बाऊल (खालची वाटी) रिकामा करा. कार्ब्युरेटर काढण्याआधी मॅनिफोल्डच्या आजूबाजूचा चिखल रॉकेल आणि ब्रशने पूर्ण धुऊन घ्या. ही पाच मिनिटे वाचवणाऱ्याची वाळू थेट क्रँककेसमध्ये पडते. ब्लॉक निघाला की सिलिंडरच्या तोंडात लगेच स्वच्छ फडके कोंबा. धागे सुटणारे जुने बनियन चालणार नाही.

आता ब्लॉक डोळ्यासमोर धरा आणि पलीकडे बल्ब लावा. पाती आणि बैठक यांच्यामधून केसाएवढी प्रकाशाची रेघ दिसली तर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. ०.२ मिमीची पट्टी सहज जात असेल तर ती पाती संपली. पातीच्या टोकांचे दोन्ही कोपरे नखाने चाचपा. तडा नेहमी तिथून सुरू होतो आणि डोळ्यांआधी नखाला कळतो.

बैठकीवर काळे रबर चढवलेले असते. ते कडक झाले असेल, सोलले असेल किंवा पातीचा खोल ठसा उमटला असेल तर ब्लॉकच बदला. बैठकीवर कानस किंवा पॉलिश पेपर अजिबात चालवू नका. घासलेला ब्लॉक आम्ही परत घेत नाही, कारण तो पुन्हा सील होत नाही.

पाती बसवताना तिचा छाटलेला कोपरा आणि स्टॉपरचा (पाती किती उघडेल ते रोखणारी पट्टी) छाटलेला कोपरा एका बाजूला आणा. छोट्या स्क्रूंना मधल्या ताकदीचे थ्रेडलॉक एकेक थेंब लावा आणि १ न्यूटन-मीटरच्या आसपास कसा, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर दोन बोटांत धरून बसेल तेवढेच. जोर केला तर आटे मरतात, ढिला राहिला तर स्क्रू क्रँककेसमध्ये जातो. स्टॉपर काढून टाकल्याने हवा जास्त येते असे ऐकले असेल. येते, पण पाती मुळापासून वाकत राहते आणि तुटते. स्टॉपरची उंची काम सुरू करण्याआधी मोजून लिहून ठेवा आणि तेवढीच ठेवा.

तोंड जुळवणे

घरच्या अवजारांनी खरा फायदा मिळतो तो इथे. ब्लॉक, मॅनिफोल्ड आणि पॅकिंग यांची तोंडे क्वचितच एकमेकांना तंतोतंत जुळतात. पॅकिंग आत डोकावते किंवा मॅनिफोल्डची कड अर्धा मिमी पायरी करते. हवा त्या पायरीवर आपटून वळते.

नवे पॅकिंग मॅनिफोल्डवर बोल्टसह बसवा. आतल्या कडेने निळी मार्किंग शाई लावा, नसेल तर जाड काजळही चालते, आणि सुईने पॅकिंगची रेघ कोरून घ्या. पॅकिंग काढल्यावर रेघेच्या आत जी धातूची कड दिसते तेवढीच घासायची. आधी बारीक गोल कानस, मग २२० चा आणि शेवटी ४०० चा पॉलिश पेपर. कुठेही १ मिमीपेक्षा जास्त काढू नका आणि पॅकिंग बसायची पट्टी ३ मिमीपेक्षा अरुंद होऊ देऊ नका. आरशासारखी चकाकी नको. ४०० चा पोत राहिला तर भिंतीवर पेट्रोलचे थेंब साचत नाहीत. रबर आणि धातू जिथे जोडले आहेत तिथे हत्यार लावू नका.

ब्लॉकच्या मधल्या दुभाजकाची हवेकडची बोथट कड हलकेच गोल करता येते. फायबर पातीची कड घासावी लागली तर मास्क लावा आणि ओली करून घासा. ती धूळ फुप्फुसात जायला नको.

सिलिंडरचे इनटेक पोर्ट सिलिंडर जागेवर असताना घासू नका. ॲल्युमिनिअमचा कीस फडक्याच्या बाजूने खाली जातोच. पिस्टनचा मागचा स्कर्ट कापायचा सल्लाही ऐकू नका: पिस्टन डुलायला लागतो आणि बोअर लंबगोल होतो.

बसवताना नेहमी नवे पॅकिंग. चारही बोल्ट आधी हाताने, मग तिरपे-तिरपे दोन फेऱ्यांत, शेवटी ८ ते १० न्यूटन-मीटर. इंजिन पूर्ण गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा एकदा.

कार्ब्युरेटर आणि ऑइल

मूळ कार्ब्युरेटर २० मिमीचा. २४ चा लावायचा मोह सगळ्यांना होतो. हिशेब असा: २० मिमीचे क्षेत्रफळ ३१४ चौरस मिमी, २४ चे ४५२, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के जास्त. तेवढ्याच इंजिनमागे हवेचा वेग तेवढा पडतो. कमी रेसला पेट्रोल नीट उचलले जात नाही आणि सिग्नलवरून निघताना गाडी गुदमरते. सिलिंडर आणि सायलेन्सर मूळचे असतील तर २० चाच ठेवा.

कार्ब्युरेटर बदललाच तर ऑइल पंपाकडे पाहा. ॲक्सिलरेटरची केबल फुटून एक फाटा पंपाला जातो. नव्या कार्ब्युरेटरच्या स्लाइडची (रेस दिली की वर उचलला जाणारा भाग) चाल वेगळी असेल तर पंप कमी उघडतो. पुलीवरची खूण मॅन्युअलप्रमाणे पिनीसमोर येते का ते पाहा. पंपाची नळी सुटली असेल तर ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या. पहिल्या टाकीला दर लिटर पेट्रोलमागे २० मिली टू-टी ऑइल टाकीतही घाला. पंप बंद करून कायम टाकीतल्या पेट्रोल-ऑइल मिश्रणावर चालवायची असेल तर लिटरला ३३ मिली, म्हणजे ३० ला १. जेटिंग त्यानंतरच करा, कारण ऑइल वाढले की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जाते.

जेटिंग

जुन्या जेटवरचे आकडे आधी लिहून ठेवा. मेन जेट मूळच्यापेक्षा दोन नंबर मोठा घेऊन सुरुवात करा आणि मोठ्याकडून लहानाकडे या. उलट दिशेने गेलात तर बरोबर नंबर सापडेपर्यंत पिस्टन उरणार नाही.

ॲक्सिलरेटर आठवा भाग उघडेपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू काम करतात. पावपासून पाऊणपर्यंत सुई, त्यापुढे मेन जेट. एअर स्क्रू दीड फेरा उघडा ठेवून सुरू करा. बाहेर काढला की मिश्रण पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. सुईची क्लिप मधल्या खाचेत ठेवा. क्लिप खाली सरकवली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढते. एका वेळी एकच गोष्ट बदला.

मोकळ्या, सुरक्षित जागी, हेल्मेट घालून, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरला पूर्ण रेस द्या. गाडी वर भडभडत, जड आवाजात अडकली तर पेट्रोल जास्त आहे, एक नंबर उतरवा. आवाज स्वच्छ झाला की तिथून पुन्हा एक नंबर वर जा आणि थांबा. त्या रेसलाच क्लच दाबून इग्निशन बंद करा आणि प्लग काढा. रंग पाहायचा तो पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी बुडाशी, टोकाला नाही. तिथे फिकट तपकिरी कडे हवे. पांढरेफटक आणि दाणेदार दिसले तर गाडी आणखी पळवू नका.

हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने हा रंग आधीच फिका येतो आणि मिश्रणही पातळ होते, कारण इथेनॉलमध्येच ऑक्सिजन असतो. जुन्या वहीतले नंबर म्हणून आता पुरत नाहीत. बाऊलचे रबर आणि जुन्या नळ्याही फुगतात, त्या दरवर्षी तपासा.

उंचीचाही हिशेब ठेवा. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, हवा विरळ असते. तिथे नेमका बसलेला जेट आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला आलात की लहान ठरतो. कोकणात जाणाऱ्या गाडीचे जेटिंग समुद्रसपाटीच्या हिशेबाने करा. वर ती थोडी जड चालेल, चालू द्या. पेट्रोल-ऑइल मिश्रणावर चालणाऱ्या गाडीने घाट उतरताना रेस पूर्ण बंद ठेवून इंजिन ब्रेकवर सोडू नका: पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. मधूनमधून हलकी रेस द्या.

चालवताना गाडी अचानक मागे खेचल्यासारखी वाटली की विचार न करता क्लच दाबा. पहिले २०० किमी दोन बोटे क्लचवरच असू द्या.

फिल्टर

एअर फिल्टर काढून गाडी पळवू नका. मिश्रण पातळ होते आणि धूळ आत जाते. पुढे कधी पिस्टन बाहेर आला आणि इनटेकची बाजू बारीक उभ्या चरांनी मळकट दिसली, तर ती धूळ आहे. एक्झॉस्टच्या बाजूला चिकटल्याच्या खुणा असतील तर पातळ मिश्रण आणि उष्णता. चारही कोपऱ्यांवर खुणा असतील तर थंड इंजिनला जोराची रेस. फोम रॉकेलमध्ये धुवा, मग साबणाच्या पाण्यात, पूर्ण वाळवा, गिअर ऑइलमध्ये भिजवून तळहातांत दाबून पिळा. पिरगाळला तर फाटतो.

कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ मापाची रीड, पॅकिंग आणि जेट ही देखभाल आहे, मोठा बोअर आणि वेगळे इंजिन ही नव्हे. पीयूसीला मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९००० पीपीएम आहे. चाचणी स्लोवर होते, तेव्हा जायच्या आधी एअर स्क्रू आणि स्लो नीट लावून घ्या.

पुन्हा आमच्याकडे येताना

फायबर पाती दर ३००० किमीला बल्बसमोर धरून पाहा. अडचण आली तर जुनी पाती, काढलेले पॅकिंग, प्लग आणि जेटचे लिहून ठेवलेले आकडे सोबत आणा. प्लग पुसू नका, जसा निघाला तसाच कागदात गुंडाळून आणा.