दोन डब्यांचा लाकडी गम: वापरण्याआधी वाचा
(सांगली, मिरज, कुपवाड भागातल्या फर्निचर कारागिरांसाठी)

पहिल्या डब्यातलं रेझिन म्हणजे कार्बोनेट पॉलिओल. प्रोपिलीन ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड उत्प्रेरकाच्या मदतीने जोडून ते बनतं. हे दोन्ही जोडून पॉलिमर, म्हणजे रेणूंची लांब साखळी बनते, हे जपानच्या शोहेई इनोउए यांनी 1969 साली जस्ताचा उत्प्रेरक वापरून दाखवलं. आमच्या रेझिनच्या वजनात 20 टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, तेवढा पेट्रोलियमचा माल कमी लागतो. दुसऱ्या डब्यातला हार्डनर, म्हणजे एमडीआय, मात्र पूर्ण पेट्रोलियमचाच. त्यामुळे कालवलेल्या गमात कार्बन डायऑक्साइडचा वाटा साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास येतो. डब्यावर 'शंभर टक्के हरित' न छापण्याचं कारण हेच.

गमाला फेस आला की बरेच ग्राहक विचारतात, "आतला वायू सुटतोय का?" नाही. रेझिनमधला कार्बन डायऑक्साइड साखळीत पक्का बांधलेला आहे. फेसातला वायूही कार्बन डायऑक्साइडच, पण तो पाणी आणि हार्डनर यांच्या क्रियेतून नव्याने तयार होतो. 1 ग्रॅम पाणी साधारण 15 ग्रॅम हार्डनर खातं आणि सव्वा लिटरहून जास्त वायू सोडतं. सांधा पोकळ राहतो आणि रेझिनला हार्डनर कमी पडल्याने मऊही राहतो. म्हणून लाकडातला ओलावा 8 ते 12 टक्के हवा. पावसाळ्यात मीटरने तपासल्याशिवाय गम लावूच नका. कोरडा दिसणारा प्लायसुद्धा फसवतो.

प्रमाण वजनाने: 1 किलो रेझिनला 284 ग्रॅम हार्डनर. वाटीने मापू नका. हार्डनर जड आहे, लिटरला सुमारे 1.23 किलो भरतो. काटा 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. हार्डनर कमी पडला तर सांधा चिकट राहतो, फार जास्त झाला तर ठिसूळ होतो.

थंडीत रेझिन मधासारखं घट्ट होतं. डबा बंद ठेवून कोमट पाण्यात बसवा, झाकण उघडण्याआधी बाहेरून पुसून कोरडा करा. पातळ करायला स्पिरिट अजिबात नको, अल्कोहोलही हार्डनर खातं.

दोन मिनिटं सावकाश कालवा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत. एका बाजूला चौरस फुटाला 15 ते 18 ग्रॅम पुरे. लगेच क्लॅम्प लावा. 25 अंशांना 25 मिनिटं हातात असतात. एप्रिल-मे महिन्यांत त्याच्या निम्मीच धरा आणि एका वेळी थोडाच गम कालवा.

हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच. हार्डनरची वाफ वारंवार छातीत गेली तर दमा जडू शकतो. ओला गम अ‍ॅसिटोनने निघतो. वाळल्यावर खरवडावाच लागतो.

हार्डनरच्या डब्यात पाणी गेलं असेल तर झाकण घट्ट लावू नका, आत वायू साचून डबा फुटतो. झाकण सैल ठेवून तो मोकळ्या हवेत, उन्हापासून दूर ठेवा आणि आम्हाला कळवा.